अप्पांच्या छातीतली पंचायत

डोक्याला पांढरा रुमाल बांधून, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून गुरुशांतप्पा आले आणि कट्ट्यावरच्या सतरंजीच्या मधोमध बसले. चपला त्यांनी नीट जोडून ठेवल्या, घसा खाकरला आणि विचारलं,

"प्रतिवादी कुठं हायत?"

"छातीत," चन्नवीर म्हणाला.

"बाहेर बोलवा."

"येत न्हाईत, काका. आले असते तर तुमाला कशाला तकलीफ दिली असती?"

गुरुशांतप्पांनी समजुतीनं मान हलवली. प्रतिवादी न येणं त्यांना नवं नव्हतं. उभी हयात ते दुबलगुंडीच्या पंचायतीत बंडेप्पांच्या डाव्या हाताला बसले होते. धुऱ्याची भांडणं, विहिरीच्या पाळ्या, रुसून माहेरी जाऊन बसलेल्या सुना. निकाल दर वेळी बंडेप्पांनी द्यायचा आणि गुरुशांतप्पांनी "व्हय" म्हणायचं. आज निकाल द्यायचा मान त्यांच्याकडं आला होता. फिर्यादी होते खुद्द बंडेप्पा. खांबाला टेकून, उशी पोटाशी धरून ते एकेक श्वास खोल विहिरीतून पाणी शेंदावं तसा वर ओढत होते.

हे सगळं घडलं सुकन्येच्या एका वाक्यामुळं.

सुकन्या ही बंडेप्पांच्या मुलाची, चन्नवीरची थोरली. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत माणसाच्या शरीरातल्या पेशींवर काम करते. मागच्या महिन्यात आज्जाला कलबुर्गीला दवाखान्यात न्यावं लागलं, ओठ पार जांभळे पडले होते, तेव्हा तीही धावत आली. डॉक्टरांनी छातीचा फोटो दाखवला, एक पंप दिला, सकाळ-संध्याकाळ ओढायचा म्हणून सांगितलं. मग चन्नवीरला बाजूला घेऊन म्हणाले, पंप घेतला नाही आणि पुन्हा असा झटका आला, तर यांना इथपर्यंत आणणं होईल का नाही, सांगता येत नाही. चन्नवीरनं हे फक्त लेकीला सांगितलं होतं. सांगून झाल्यावर दोघंही दवाखान्याबाहेर उसाचा रस प्यायले आणि रसाबद्दलच बोलत राहिले.

पंप तेव्हापासून खोक्यातच. बंडेप्पांचं म्हणणं अगदी सरळ होतं.

"बिडी मी सोडली. गेल्या बसवजयंतीला सोडली ती सोडली. भांडणाचं मूळच उपटून टाकलं. मूळ न्हाई तर भांडण कशाचं? आन भांडण न्हाई तर औषध कशाचं?"

"आज्जा, धूर थांबला. पण धूर बघून तुझ्या छातीत जे पहारेकरी गोळा झालते, ते थांबले न्हाईत. ते अजून लढायलेत."

"कुणासंगट?"

"कुणासंगटच न्हाई. सवयीनं."

बंडेप्पांनी अंगणातल्या तुरीच्या ढिगाकडं बघितलं.

"पहारेकरी कुणाचे?"

"तुझेच."

"माझीच माणसं माझंच घर पाडायलीत, आन मला कुणी सांगितलं न्हाई." रागाचं बोलणं नव्हतं ते. पंचाचं होतं. "मंग पंप कशाला? पंचायत बसवा. पंचानं घे म्हटलं तर पंप घेतो. न्हाई म्हटलं तर बिडीचा कट्टा मागवतो. येवीतेवी छाती जळायलीच हाय तर चवीनं जळू दे."

चन्नवीर हसला. सुकन्या मात्र हसली नाही. पंचायतीचा निकाल आज्जानं कधी मोडला नव्हता. सख्ख्या भावाच्या विरुद्ध गेला तेव्हा नाही, स्वतःच्या विरुद्ध गेला तेव्हाही नाही. औषध तो घेणार नव्हता, पण निकाल घेतला असता.

"बसवू," ती म्हणाली.

*

अडचण प्रतिवादींची होती. जो बोलत नाही त्याच्याविरुद्ध निकाल लागत नाही, हा बंडेप्पांचाच नियम. मुका असेल तर त्याच्या वतीनं घरातल्या कुणीतरी बोलायचं. म्हणून सुकन्येनं पहारेकऱ्यांची कामं घरातल्या माणसांना वाटून दिली.

"बाबा, तुमी न्यूट्रोफिल."

"म्हंजी कोण?"

"हाक आली की सगळ्यांच्या आधी धावणारा. काय झालं, कुणी केलं, इचारत न्हाई. जातो आन हातातलं तेजाब ओततो. दुश्मन असला तर दुश्मन जळतो, नसला तर भिंत."

"हा तर आपला अण्णाच," भुवनेश्वरी म्हणाली.

भुवनेश्वरी चन्नवीरची बहीण, बसवकल्याणला दिलेली. सकाळच्या बसनं आली होती, काखेत काढ्याची बाटली घेऊन. पंपावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. हवा डबीत भरून विकायलेत, आपल्याकडं हवेला काय तोटा हाय का, हे तिनं आल्यापासून प्रत्येकाला वेगवेगळं गाठून सांगितलं होतं.

"तेजाब वतलं. मंग?" चन्नवीरनं विचारलं.

"मंग तो मरतो. तिथंच."

"मला मरायचं काम कामून? दाळीची मिल मी चालवतो. घरात एवढीच किंमत हाय माझी?"

"सगळ्यात जास्त तेच असतात, बाबा. एक मेला की धा येतात."

"धा येऊन मला काय? मी तर मेलो ना."

गुरुशांतप्पांनी हात वर करून शांतता केली. मेलेला प्रतिवादीही साक्ष देऊ शकतो, असा त्यांनी तिथल्या तिथं नियम केला. चन्नवीरचं थोडं समाधान झालं.

"आत्या, तू टी-पेशी. आठवण ठेवणारी. एकदा कुणी वाकडं वागलं की ध्यानात ठेवती. धूर जाऊन वरीस उलटलं तरी तिथंच दबा धरून बसती."

"हे मातर बरोबर दिलंस," भुवनेश्वरी पदर सावरून बसली. "माझ्या लग्नात गव्हाची गोड हुग्गी कमी पडलती. कुणाच्या पंगतीला पडली, ते बी सांगते."

"आता नको," चन्नवीर म्हणाला.

"आन अव्वा, तू मॅक्रोफेज."

सुकन्येची आई जगदेवी दारात उभी होती, ओले हात पदराला पुसत. पंचायतीसाठी चहा टाकून आली होती. "त्येला काय करावं लागतं?"

"झाडलोट. धूळ, काजळी, जंतू, जे आत येईल ते गिळायचं. लढाईत मेले त्यांना उचलून न्यायचं. आन एकटीला झेपंना झालं की बाकीच्यांना हाक मारायची."

"म्हंजी येगळं काय करायचं न्हाई," जगदेवी म्हणाली आणि चहा उतू जाईल म्हणून परत आत गेली.

*

पंचायत सुरू झाली ती खोकल्यानंच. बंडेप्पांनी फिर्याद मांडायला तोंड उघडलं आणि छातीनं त्यांचा शब्द हिसकून घेतला. गुरुशांतप्पांनी त्यांच्या छातीकडं बोट रोखलं.

"फिर्यादी बोलताना प्रतिवादीनं मधी बोलायचं न्हाई."

खोकला वाढला.

"बघा. पंचासमोर ही तऱ्हा. घरात काय करत असतील."

चन्नवीरला खरं तर लवकर मोकळं व्हायचं होतं. मिलवर तूर येऊन पडली होती. तो या नाटकात बसला होता तो त्या रसाच्या गाड्याजवळच्या दुपारमुळं, डॉक्टरांचं वाक्य अजून त्याच्या कानात होतं म्हणून. पण गुरुशांतप्पांनी त्याच्याकडं वळून जड आवाजात विचारलं, "भिंत कामून पाडली?" आणि चन्नवीरचा चेहरा खरोखरच चोरी पकडल्यासारखा झाला.

"मी मुद्दाम न्हाई पाडली," तो म्हणाला. "हाक आली. मी गेलो. हाक आल्यावर इचारत बसायचं असतं का? आगीचा बंब इचारत बसला तर?"

"आग होती का?"

"धूर होता की, काका."

"आता धूर न्हाई. आता कामून जातोस?"

"अजून हाक येती."

"कोण मारायलंय?"

चन्नवीरनं बायकोकडं बघितलं. जगदेवी चहाच्या कपांचं ताट घेऊन उभी होती. मग त्याच्यातला न्यूट्रोफिल पुढं झाला.

"हिनं."

"मलापण हिनंच बोलावलं," भुवनेश्वरी लगेच म्हणाली आणि सतरंजीवरून सरकत भावाच्या शेजारी येऊन बसली. बहीणभाऊ असे एका बाजूला कित्येक वर्षांनी बसले होते. "फोन आलता वैनीचा. 'अप्पांना बरं न्हाई, या.' सणाला फोन न्हाई, पंचमीला न्हाई. आजारपणाला बरोबर आठवण. आमी आपल्या घरी गपगुमान होतो, काका. हिनं हाक मारली न्हसती तर आमी आलोच न्हसतो."

"आत्या, तू पेशी म्हणून बोलायलीस का आत्या म्हणून?" सुकन्येनं विचारलं.

"दोघींचं एकच मत हाय."

गुरुशांतप्पांनी मिशीवरून हात फिरवला. प्रकरण त्यांच्या हाताला लागत होतं. "म्हंजी सगळ्याचं कारण ही झाडणारी. जगदेवी, पुढं ये. तुझं काय म्हणणं हाय?"

*

पंचायतीपुढं बोलायला जगदेवी कधी उभी राहिली नव्हती. तिला बोलणं येत नव्हतं असं नाही. तिला ओव्या येत होत्या. आईच्या जात्यावरच्या. जातं गेलं, मिक्सर आला, आणि मिक्सरच्या आवाजात ओवी ऐकू येईना, म्हणून ती मिक्सर थांबेपर्यंत दम धरायची आणि चटणी भांड्यात काढता काढता म्हणायची. दवाखान्यातून आल्यावर तिनं एक नवीच जुळवली होती:

सासऱ्याच्या छातीमंदी, कोण पाहुणं उतरलं,
जेवण झालं, पान झालं, घर त्येंचं इसरलं.

पण ओवी म्हणजे काही साक्ष नव्हे. तिनं ताट खाली ठेवलं.

"मी गिळायलीय," ती म्हणाली. "या घरात आले त्या दिवसापासनं. मामांच्या बिडीचा धूर, चुलीचा धूर. पंचायत बसली की या कट्ट्यावर ढग उतरायचा. तुमीबी त्यातच असायचा, काका."

गुरुशांतप्पांनी डोक्यावरचा रुमाल उगाच सारखा केला.

"राख मी झाडली. थुंकीचं भांडं मी धुतलं. कुणी म्हटलं न्हाई, बाई, थांब जरा. आता म्हणत्यात धूर बंद झाला. झाला असंल. पण मला कुणी येऊन सांगितलं का, की बंद झाला, आता बस? माझं हात अजून चालायलेत. रातच्याला मामा खोकले की मी उठून बसते. न्हाई खोकले तर कामून खोकले न्हाईत म्हणून उठून बसते. मेल्याल्यांना उचलायचं काम माझं म्हणती ही पोरगी. किती उचलू? एकाला उचलून ठेवते तवर दुसरा पडल्याला. झेपंना झालं, म्हणून मारली हाक. पण मी लढायला न्हाई बोलावलं कुणाला. मी म्हटलं, या, जरा हात लावा. हे आले ते भिंतीच पाडायले."

एक कोंबडी तुरीच्या ढिगावर चढली आणि तिला हाकलायला कुणी उठलं नाही.

मेलेल्या न्यूट्रोफिलनं मान खाली घातली. भुवनेश्वरी भावाजवळून उठली, सतरंजीवरून परत जाऊन जगदेवीच्या शेजारी उभी राहिली, आणि बापासाठी आणलेली काढ्याची बाटली तिच्या हातात कोंबली.

"वैनी, हे तू पी."

"कडू असतंय ते."

"कडू हाय म्हणूनच म्हटलं. अप्पा कुठं पित्यात?"

"हे आधी सांगायचं नव्हतं का मला," गुरुशांतप्पा पुटपुटले. निकाल त्यांच्या तोंडात तयार होता, तो आता बदलावा लागणार होता. त्यांनी दुसरा शोधला. "बरं. झाडणारी निर्दोष. बाकीच्यांना वाळीत टाका. धावणारे, आठवण ठेवणारे, सगळ्यांना छातीबाहेर काढा. पुन्यांदा वस्तीत येऊ द्यायचं न्हाई."

"तसं करता येत न्हाई, आज्जा," सुकन्या घाईनं म्हणाली, आणि ती गुरुशांतप्पांशी नाही, बंडेप्पांशी बोलत होती. "ते गेले तर दार उघडं पडंल. साधी सर्दी आत शिरंल आन न्यूमोनिया होऊन बसंल. इतकी वर्षं तू जगलास ते ह्येंच्याच भरवशावर. घरातलीच माणसं हायत ती. हाकलता येत न्हाईत. शांत करावी लागतात."

*

बंडेप्पा हे सगळं ऐकत होते. त्यांना मजा वाटत होती का, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. छातीत शीळ वाजत होती, मोडक्या दारातून वारा वाजावा तशी, आणि आज पहिल्यांदा त्यांना त्या शीळेत माणसं असल्यासारखी वाटली. गोंधळलेली माणसं. लढाई संपल्याचं ज्यांना कुणी कळवलंच नाही अशी. अशी माणसं त्यांनी कट्ट्यावर फार बघितली होती. भांडणाचं कारण विचारावं तर आठवत नाही, पण काठी खाली ठेवत नाहीत.

एकच गोष्ट राहिली होती. कुठल्याही निकालात ती सगळ्यात आधी यायची.

"पडल्याल्या भिंतींचं काय?" त्यांनी विचारलं. "भरपाई?"

सुकन्येनं बापाकडं बघितलं. चन्नवीर तुरीच्या ढिगाकडं बघत होता.

"न्हाई, आज्जा. ज्या पडल्या त्या पडल्या. त्या परत उभ्या ऱ्हात न्हाईत. ज्या ऱ्हाल्यात त्या सांभाळायच्या."

"काहीच न्हाई?"

"काहीच न्हाई."

भरपाई नाही असा निकाल बंडेप्पांनी जन्मात दिला नव्हता. म्हैस गेली तर वासरू, वासरू नसलं तर ज्वारी, ज्वारीही नसली तर निदान चारचौघांत हात जोडून दोन शब्द. देणाऱ्याला काहीतरी द्यायला लावायचं, म्हणजे घेणाऱ्याला झोप लागते. त्यांनी जगदेवीकडं बघितलं. ती बाटलीचं झाकण उघडून वास घेत होती आणि तोंड वाकडं करत होती. तिला काय दिलं होतं त्यांनी? तिनं मागितलं कुठं होतं. मागितल्याशिवाय पंचायत बसत नाही, हाही नियम त्यांचाच.

"गुरुशांता," ते म्हणाले, "निकाल सांग."

गुरुशांतप्पा उभे राहिले. बसून सांगायची रीत होती, पण इतक्या वर्षांनी आलेला निकाल बसून सांगवेना.

"पहारेकरी घरातच ऱ्हातील. पहारा देतील, पण धुमाकूळ घालणार न्हाईत. धूर संपला, हे त्यांना रोज सकाळी आन सांजच्याला कळवण्यात यावं, कारण ते इसरतात. झाडणारीला दोष देऊ नये, तिच्या कामाला हात लावावा. फिर्यादीनं बिडीला शिवू नये, आन कुणी आणून देईल तर त्येनंबी पंचायतीपुढं उभं ऱ्हावं. पडल्याल्या भिंतीची भरपाई मिळणार न्हाई." ते थांबले, आजूबाजूला बघितलं, आणखी काही सुचतं का ते बघितलं. "भुवनेश्वरीच्या लग्नातल्या हुग्गीचा विषय आज बंद करण्यात येतो."

"हे छातीत कुठं बसतं?" भुवनेश्वरी म्हणाली.

"सगळं छातीतच बसतं," गुरुशांतप्पा म्हणाले, आणि बंडेप्पांकडं वळून वाट बघत राहिले.

बंडेप्पांना आधी कळलं नाही कशाची वाट बघतायत. मग कळलं.

"व्हय," ते म्हणाले.

गुरुशांतप्पांचे डोळे भरून आले. त्यांनी ते रुमालाच्या शेवटानं टिपले आणि लगेच पंचासारखं तोंड केलं. "निकाल ज्याच्या इरोधात, त्याच्या दारात जाऊन सांगितल्याबिगर लागू होत न्हाई. छातीत जाऊन सांगणार कोण?"

सुकन्येनं खोकं उघडून पंप पुढं धरला. लहानसा, निळ्या टोपणाचा, मुठीत मावणारा.

"हा जाणार?" बंडेप्पांनी तो उलटासुलटा करून बघितला. "एवढूसा?"

"आत गेल्यावर पसरतो. सगळा श्वास बाहेर सोड. तोंडात धर. मी दाबते तेव्हा हळूहळू आत ओढ, आन मंग सोडू नको. तसाच धरून ठेव."

"धरून कामून?"

सुकन्या सांगणार होती की औषधाला खोलवर बसायला वेळ लागतो. गुरुशांतप्पा तिच्या आधी बोलले.

"वाचून दाखवायला वेळ लागतो, बंडेप्पा. मी निकाल लांबलचक दिलाय."

बंडेप्पांनी श्वास सोडला. शेवटी शेवटी तो खरडत बाहेर आला. ओठ मिटले, सुकन्येनं दाबलं, आणि त्यांनी ओढला, हळूच, अंधारात पायरी चाचपावी तसा. मग धरला. खांद्याची हाडं वर आली, डोळे मोठे झाले. चन्नवीरनंही धरला, नकळत. भुवनेश्वरीनं धरला. गुरुशांतप्पांनी डोळे मिटून धरला, त्यांचे ओठ हलत होते, आत निकालाचं एकेक कलम जात होतं. कट्ट्यावर सगळं घर श्वास कोंडून बसलं होतं आणि कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

मग बंडेप्पांनी सोडला, आणि मागोमाग खोकला आला.

"अपील करायलेत," गुरुशांतप्पा म्हणाले.

"करू दे," बंडेप्पा धापेतून म्हणाले. "सांजच्याला परत सांगू."

"औषध घेतल्यावर गुळण्या करायच्या, आज्जा. पाणी लागंल."

जगदेवी आत जायला वळली.

"तू बस," बंडेप्पा म्हणाले.

ती तशीच अर्धवट वळलेली राहिली. सासरा कुणाला म्हणाला, ते तिला समजेना.

"चन्नवीर आणंल. निकाल हाय पंचाचा. तू बस."

चन्नवीर आत गेला. जगदेवी सतरंजीच्या काठावर बसली. कट्ट्यावर पुरुषमाणसांच्या रांगेत बसायची तिला सवय नव्हती. पाय कुठं घ्यावेत ते कळेना. आत स्वयंपाकघरात चन्नवीर तांब्या शोधत होता. आधी एक पातेलं पडलं, मग झाकणं, मग पितळेचं काहीतरी गडगडत पार मोरीपर्यंत गेलं. तांब्या माठाजवळ, उजव्या हाताला होता. जगदेवीनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि बसून राहिली.